मोबाइल परदेशी जातो तेव्हा



समजा, तुमची ताई शिक्षणासाठी जर्मनीला निघाली आहे. निघताना आजी तिला बजावते, "पोचलीस की लगेच फोन कर हो!" ताई फ्रँकफर्टला उतरते आणि मोबाइल चालू करते. थोड्याच वेळात पडद्यावर एका जर्मन कंपनीचे नाव उमटते. ती आजीला फोन लावते. विमानातले जेवण, तिथली थंडी, हरवता हरवता सापडलेली बॅग अशा गोष्टी रंगात आलेल्या असतानाच बोलणे तुटते. मोबाइलमधली शिल्लक संपलेली असते. इकडे आजी काळजीत आणि तिकडे ताई परक्या शहरात मुक्या मोबाइलसह!

हे पैसे गेले कोठे? विजेवर खर्च झाले म्हणावे, तर हिशेब करून पाहू. आजचा मोबाइल जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॉट शक्तीच्या लहरी बाहेर टाकतो. दहा मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद, पूर्ण शक्तीने तो बोलत राहिला, तरी १२० ज्यूल ऊर्जा खर्च होते. घरातल्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. म्हणजे लहरींवर खर्च झाला एका युनिटचा तीस-हजारावा भाग! मनोऱ्याला आणि इतर यंत्रांना याहून अधिक वीज लागते हे खरे. पण ती ताई सातारला असती तरीही लागलीच असती. तेव्हा उत्तर विजेत नाही. ते संदेशाच्या वाटेत आणि त्या वाटेच्या मालकीत आहे.

सिमकार्डाची ओळखपरेड

मोबाइलमधील सिमकार्डावर, सर्वसाधारणपणे १५ अंकी, एक ओळख क्रमांक कोरलेला असतो. आपण फिरवतो तो दूरध्वनी क्रमांक वेगळा. या ओळख क्रमांकाचे पहिले तीन अंक देश दाखवतात. भारतीय कार्डांवर ते ४०४ किंवा ४०५ असे असतात, तर जर्मन कार्डांवर २६२.

ताईच्या मोबाइलने हा क्रमांक जर्मन मनोऱ्याला कळवला, की जर्मन कंपनीला समजते, 'हा पाहुणा भारतातला आहे.' ती लगेच भारतातील कंपनीला विचारते, 'हे गिऱ्हाईक तुमचेच काय?' मग एक गमतीची परीक्षा होते. भारतीय कंपनीकडे आणि सिमकार्डात एकच गुप्त संख्या साठवलेली असते. कार्डाला एक गणित घातले जाते. गुप्त संख्या वापरून काढलेले त्याचे उत्तर जुळले, की कार्ड खरे ठरते. ती गुप्त संख्या मात्र हवेतून कधीच पाठवली जात नाही. ही परीक्षा झाली, की भारतीय कंपनी आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते, 'हे गिऱ्हाईक सध्या जर्मनीत आहे.'

परक्या कंपनीच्या जाळ्यावर असे पाहुणे म्हणून वावरणे, यालाच 'रोमिंग' म्हणतात. दोन देशांतील कंपन्यांमधला असा पहिला करार १९९२ साली फिनलंड आणि ब्रिटन यांच्यातील दोन कंपन्यांनी केला. पाहुण्याचा खर्च यजमान कंपनी मूळ कंपनीकडे मागते आणि मूळ कंपनी तो आपला नफा मिळवून गिऱ्हाइकाकडून वसूल करते.

शेजारच्या खुर्चीपर्यंत, भारतमार्गे

आता वाट पाहू. ताईची एक मैत्रीण फ्रँकफर्टमध्येच, अगदी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली आहे. तिच्याकडे जर्मन कार्ड आहे. तिने ताईचा भारतीय क्रमांक फिरवला, तर तो फोन कोठे जाईल? क्रमांक भारतीय, म्हणून तो आधी भारतात येतो. येथील नोंदवही सांगते, 'ताई जर्मनीत आहे.' मग तो पुन्हा जर्मनीला धाडला जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज तेरा हजार किलोमीटरची यात्रा करतो! मैत्रिणीला भारतात फोन केल्याचे पैसे पडतात आणि भारतातून जर्मनीपर्यंतच्या टप्प्याचे ताईला. परदेशात आलेल्या फोनलाही पैसे का पडतात, याचे कारण हेच.

फोन उचलला गेला नाही आणि तो निरोप ठेवण्याच्या भारतीय सेवेकडे वळवलेला असला, तर तो जर्मनीहून परत भारतात येतो. न बोललेल्या फोनचेही दोन टप्पे!

इंटरनेटचेही तसेच. रोमिंगमध्ये ताईने जर्मन रेल्वेचे वेळापत्रक उघडले, तरी तिची मागणी सर्वसाधारणपणे आधी भारतातील कंपनीच्या यंत्राकडे येते, तेथून जर्मनीला जाते आणि उत्तर त्याच वाटेने उलट फिरते. एकूण चार फेऱ्या झाल्या. समुद्रतळावरील काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. गणित करा: २६,००० भागिले २,००,०००, म्हणजे ०.१३ सेकंद. तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांतून जाणाऱ्या तारांची वाट याहून लांब असल्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो.

अंतर तेच, दर वेगळा

पण लांब वाट म्हणून दर जास्त, एवढेच म्हटले तर ते अपुरे ठरेल. युरोपचे उदाहरण पाहा. २०१२ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने आपल्या देशांमधील रोमिंगच्या इंटरनेटवर कमाल मर्यादा घातली, ती १ मेगाबाइटला ०.७० युरो, कर वेगळा. म्हणजे १,००० मेगाबाइटना ७०० युरो! पुढे १५ जून २०१७ पासून हा जादा आकार रद्दच झाला. जर्मन कार्ड घेऊन पॅरिसला सहलीला गेलेल्या माणसाला जर्मनीतलाच दर लागू लागला. या पाच वर्षांत प्रकाशाचा वेग बदलला नाही, की पॅरिस जवळ आले नाही. बदलला तो नियम.

नियमाला सीमा असतात, हेही ध्यानात ठेवा. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत नाही. जिनिव्हा शहराला तर तीन बाजूंनी फ्रान्सचा वेढा आहे. रेडिओलहरींना सीमारेषा ठाऊक नसते. त्यामुळे फ्रान्सच्या हद्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलला स्विस मनोरा सापडू शकतो आणि त्याच्या नकळत वेगळा दर सुरू होतो. जहाजांवर आणि काही विमानांत उपग्रहाशी जोडलेले छोटे मनोरे असतात. त्यांचे दर फारच चढे असतात.

मग ताईने काय करावे?

वाट कळली, की उपाय आपोआप सुचतात.

१. निघण्यापूर्वी मोबाइलमधील 'डेटा रोमिंग' बंद करावे आणि फोन वळवण्याची सोय रद्द करावी. आपण हात न लावताही मोबाइल पत्रे, छायाचित्रे आणि ॲपच्या नव्या आवृत्त्या मागवत असतो. विमानात आणि जहाजावर 'विमान स्थिती' चालू ठेवावी.

२. चार दिवसांचा प्रवास असेल, तर आपल्या कंपनीचे रोमिंग पॅक आधीच घ्यावे. मात्र त्यात तो देश येतो का आणि मुदत किती, हे वाचून घ्यावे. मुक्काम लांबणार असेल, तर तिथले कार्ड घ्यावे. म्हणजे ताई पाहुणी राहत नाही, घरचीच होते. जर्मनीत २०१७ पासून अशा कार्डासाठी ओळखपत्राची पडताळणी सक्तीची आहे. तेव्हा पासपोर्ट जवळ हवा. नव्या मोबाइलमध्ये 'ई-सिम' असते. तेथे कार्ड बदलावे लागत नाही. ठिपक्यांचा चौकोनी संकेत टिपला, की नवी ओळख मोबाइलमध्ये उतरते.

३. भारतीय कार्ड फेकून देऊ नये. बँकेचे संकेतांक त्याच क्रमांकावर येतात. ठरावीक मुदतीत रिचार्ज केले नाही, तर तो क्रमांक हातचा जातो. दोन कार्डांचा मोबाइल असेल, तर भारतीय कार्ड संदेशांपुरते आणि स्थानिक कार्ड इंटरनेटसाठी ठेवावे. व्हॉट्सॲपचा जुना क्रमांक तसाच चालू राहतो.

४. स्थानिक कार्डावरून आजीचा साधा क्रमांक फिरवला, तर तो परदेशी फोन ठरतो आणि त्याचा दर वेगळा पडतो. त्यापेक्षा वसतिगृहाच्या वाय-फायवरून, इंटरनेटद्वारे बोलावे. मात्र काही देशांत यावर निर्बंध आहेत. संयुक्त अरब अमिरातीत परवाना मिळालेल्या ॲपवरूनच असे बोलता येते.

इंटरनेटवरून बोलायला किती डेटा लागतो? आवाजासाठी प्रत्येक दिशेला सेकंदाला ३२ किलोबिट धरले, तर दोन्ही मिळून ६४. गुणिले ६० सेकंद, भागिले ८, म्हणजे मिनिटाला ४८० किलोबाइट, साधारण अर्धा मेगाबाइट. चित्रासह बोलायचे आणि दोन्ही दिशांना मिळून सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर मिनिटाला १५ मेगाबाइट. म्हणजे चेहरा पाहणे हे आवाज ऐकण्यापेक्षा सुमारे तीस पट महाग! वाय-फाय नसेल तेव्हा आवाजावर भागवावे आणि चेहरा रविवारसाठी राखून ठेवावा.

आता एक प्रयोग तुम्ही घरीच करा. घरातल्या एखाद्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' पाहा. कालच्या दिवसाचे मेगाबाइट लिहून घ्या आणि २०१२ च्या दराने, म्हणजे ०.७० ने, गुणा. जो आकडा येईल, तो युरोमध्ये आहे, हे विसरू नका! मग तो वडीलधाऱ्यांना दाखवा. तुमच्या घरातले कोणी परदेशी निघाले असेल, तर त्यांच्या मोबाइलमधील 'डेटा रोमिंग'चे बटण तुम्हीच बंद करून द्या आणि आजीला इंटरनेटवरून फोन घ्यायला शिकवा. म्हणजे यापुढे आजीचे बोलणे संपेल, ते आजीला वाटेल तेव्हाच.