कंपाचे कारण शोधताना

नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतनधारक मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जातात, आणि त्यानंतर काही दिवसांत आमच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते: सही जुळत नाही. नगर जिल्ह्यातीलच एका खेड्यातील निवृत्त शिक्षक असेच आले होते. आयुष्यभर फळ्यावर वळणदार अक्षर काढलेल्या त्या गृहस्थांना बँकेत अंगठा उमटवावा लागला होता. रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, मेंदूचा एमआरआयही झाला होता, सारे निर्दोष. थरथर मात्र सात-आठ महिने हटत नव्हती. मुलाने हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, पार्किन्सनच ना हा?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्याही घरात कधीतरी उमटला असेल. म्हणून प्रथम हे ध्यानात घ्यावे की कंप हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. पुष्कळशा कंपांमध्ये रचना शाबूत असते आणि बिघाड कार्यात असतो. त्यामुळे अहवाल निर्दोष आला म्हणजे आजार नाही असे नव्हे, आणि कारण सापडणारच नाही असेही नव्हे. कारणाचा धागा बहुधा एका साध्या प्रश्नात असतो: हात नेमका केव्हा थरथरतो?

मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो आणि काही उचलायला गेल्यावर थरथर कमी होते, तर पार्किन्सनची शंका घ्यावी. हा कंप बहुधा एका बाजूने सुरू होतो. त्यासोबत हालचाली मंदावतात, अंग ताठरते, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने 1817 साली या आजाराचे वर्णन केले ते रुग्णांच्या निरीक्षणावरून. आजही त्याचे निदान मुख्यतः निरीक्षणानेच होते.

याउलट पेला तोंडाशी नेताना, ताटात वाढताना, सही करताना दोन्ही हात थरथरत असतील, कधी मान किंवा आवाजही कापत असेल, आणि वडिलांना अथवा आत्याला असेच होत असे असे आठवत असेल, तर तो बहुधा 'इसेन्शियल ट्रेमर' असतो. त्यात अक्षर बारीक होत नाही, वेडेवाकडे होते. हा कंप पार्किन्सनपेक्षा अधिक आढळतो आणि औषधाने बऱ्याच जणांना आराम पडतो. मात्र त्यावरील प्रोप्रॅनोलॉल हे औषध दम्याच्या रुग्णाला चालत नाही. वस्तूजवळ पोहोचताना हात अधिकच डोलत असेल आणि चालताना तोल जात असेल, तर लहान मेंदूची तपासणी करावी लागते.

यानंतरचा प्रश्न असतो औषधांच्या पिशवीचा. त्या शिक्षकांना मी म्हटले, "गुरुजी, घरी जेवढ्या गोळ्या आहेत, तेवढ्या सगळ्या घेऊन या." पिशवीत आम्लपित्ताची एक कॅप्सूल निघाली. वर्षभर ते ती रोज अनशेपोटी घेत होते. तिच्यात आम्लपित्ताच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड होते. हे औषध मेंदूतील डोपामिनचे कार्य रोखते आणि त्यामुळे हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे उमटू शकतात. चक्करेवरील सिनारिझिन व फ्लुनारिझिन, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि काही मानसिक आजारांवरील औषधे यांमुळेही असे घडते. दम्यावरील साल्ब्युटामॉल व थिओफायलिन, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, तसेच थायरॉइडच्या गोळीची जादा मात्रा यांनी हातांना बारीक, जलद थरथर सुटते.

मात्र हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. फिट्सची किंवा मानसिक आजाराची गोळी एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. आयुर्वेदात कंपवातावर कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचे बी, सांगितले आहे. त्यात लेव्होडोपा असते, आणि पार्किन्सनच्या मुख्य गोळीतही तेच असते. म्हणून असे चूर्ण घेत असल्यास तेही डॉक्टरांना न लपवता सांगावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर एक वही ठेवा. थरथर कोणत्या हाताला प्रथम आली, स्वस्थ बसल्यावर वाढते की काम करताना, चहानंतर किंवा एखाद्या गोळीनंतर वाढते का, हे लिहा. रोज एकच वाक्य रुग्णाच्या हातून लिहून घ्या. मोबाइलवर छोटे चित्रीकरण करा, कारण दवाखान्यात थरथर कधी वाढते, तर कधी दडून बसते. साखर, थायरॉइड, मूत्रपिंड व यकृत यांच्या तपासण्या आधी कराव्यात. त्या खर्चिक नसतात.

काही प्रसंगी मात्र वहीची वाट पाहू नये. मधुमेही व्यक्तीला थरथरून घाम फुटला तर लगेच साखर तपासावी. ती 70 च्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर शुद्धीवर असताना साखरपाणी द्यावे. थरथर एकाएकी सुरू झाली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, भ्रम झाला, हुडहुडी भरून ताप आला, किंवा नेहमीचे मद्य सोडल्यावर कंप सुटला, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

घरच्यांना एक विनंती. "हात घट्ट धरा ना!" असे म्हणू नका, कंप इच्छेने थांबत नाही, आणि चारचौघांत टोकल्याने वाढतोच. कप अर्धाच भरा, कानाचा जड मग द्या. पाहुण्यांसमोर चहा नाकारणारा वृद्ध मनुष्य पुष्कळदा चहा नव्हे, लाज टाळत असतो.

गुरुजींची कॅप्सूल मूळ डॉक्टरांशी बोलून बदलली. तीन महिन्यांत थरथर हळूहळू ओसरली. अशा औषधाने कधी कधी आधीपासून दबा धरून बसलेला पार्किन्सन उघड होतो; म्हणून दर काही महिन्यांनी मी त्यांना बोलावतो. प्रत्येक भेटीत ते माझ्या कागदावर सही करतात. अजून तरी ती जुळते आहे.