दोन रुपये वेतन आणि अर्धा टक्का वर्गणी

वायमार प्रजासत्ताकाचा विषय निघाला की आपल्याकडे एकदम हिटलरवर उडी घेतली जाते. हिटलर चॅन्सेलर झाला तो ३० जानेवारी १९३३ रोजी. परंतु जर्मन संसदेतील, म्हणजे राइशस्टागमधील, बहुमतावर उभे असलेले शेवटचे मंत्रिमंडळ त्यापूर्वी जवळजवळ तीन वर्षे, २७ मार्च १९३० रोजीच, कोसळले होते. मधल्या काळात राज्य कोणाच्या बळावर चालले होते, हा खरा प्रश्न आहे. नागपूरकरांना तो अगदीच परका वाटू नये. कारण सभागृहात बहुमत आहे पण सरकार नाही, असा प्रसंग या शहराने १९२४ साली पाहिला आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, जमीनमहसूल आदी राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती कौन्सिलला जबाबदार असणाऱ्या मंत्र्यांकडे आली. १९२३ च्या अखेरीच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले ते फक्त मध्यप्रांत-वऱ्हाडात. डॉ. मुंजे, राघवेंद्र राव हे येथील अग्रणी. पक्षाने मंत्रिपदे नाकारली. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी इतरांतून मंत्री नेमले, तेव्हा मार्च १९२४ मध्ये कौन्सिलने अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपये ठरविले! मंत्री गेले, सोपीव खाती गव्हर्नरने स्वतःकडे घेतली आणि त्या कौन्सिलची मुदत संपेपर्यंत ती त्याच्याकडेच राहिली.

यासाठी स्वराज्य पक्षाला दोष देणे अन्यायाचे होईल. द्विदल पद्धतीचा पोकळपणा उघडा करू, हे मतदारांना सांगूनच तो निवडून आला होता, आणि जी घटना मोडायची ती परक्यांनी लादलेली होती. तथापि जमाखर्चाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. ज्या चार खात्यांवर लोकप्रतिनिधींचा काही हात होता, नेमकी तीच गव्हर्नरच्या मुठीत गेली. नकाराचे राजकारण फार काळ टिकतही नाही. ऑक्टोबर १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष, अमरावतीचे श्री. बा. तांबे यांनी कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली आणि पक्ष दुभंगला. एका बाजूला मोतीलाल नेहरू, दुसऱ्या बाजूला केळकर, जयकर आणि मुंजे यांची प्रतियोगी सहकारिता. राघवेंद्र राव स्वतः १९२७ साली मंत्री झाले.

जर्मनीत घटना स्वतःची होती. म्हणूनच तेथील नकार अधिक महाग पडला. हेरमान म्युलर यांचे आघाडीचे मंत्रिमंडळ पडले ते बेकारी विम्याच्या वर्गणीवरून. वेतनाच्या साडेतीन टक्के असलेली वर्गणी चार टक्के करावी की नाही, एवढाच वाद. उद्योगपतींच्या पक्षाला वाढ नको होती. मध्यममार्गी तोडगा पुढे आला, पण कामगार संघटनांच्या दडपणाखाली समाजवादी पक्षाच्या सभासदांनी तो नाकारून आपलेच सरकार सोडले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचा आकडा आवर्जून लक्षात ठेवावा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही वर्गणी साडेसहा टक्के झाली, आणि तीही ब्र्यूनिंग सरकारच्या काळात, ज्याच्यावर या सभासदांचे काहीच नियंत्रण उरले नव्हते. अर्ध्या टक्क्यासाठी सत्ता सोडली आणि तीन टक्क्यांचा बोजा कामगार व मालक यांच्यावर पडला तो पडलाच.

ब्र्यूनिंग यांच्यापाशी बहुमत नव्हते, परंतु घटनेचे ४८ वे कलम होते. अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीचा अध्यादेश काढावा. राइशस्टागने तो रद्द केला तर राइशस्टागच विसर्जित करावी. जुलै १९३० मध्ये तसेच घडले, आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींचे प्रतिनिधी १२ चे १०७ झाले. जुलै १९३२ मध्ये ते २३० झाले, कम्युनिस्ट ८९. एकूण सभासद ६०८. म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांकडे मिळून बहुमत होते. पाडण्यापुरते, उभारण्यापुरते नव्हे. १२ सप्टेंबरला पापेन यांच्यावरील अविश्वासाचा ठराव ५१२ विरुद्ध ४२ मतांनी संमत झाला, पण त्या ५१२ जणांना पर्यायी चॅन्सेलर सुचविता येत नव्हता. त्या साऱ्या वर्षात राइशस्टागने केलेले कायदे पाच. अध्यादेश पन्नासाहून अधिक. मग चॅन्सेलर कोण, हे वृद्ध अध्यक्षांच्या भोवतालची चारसहा माणसे ठरवू लागली, यात नवल ते काय?

१९४९ च्या बॉन घटनेच्या ६७ व्या कलमाने हे दार बंद केले. नवा चॅन्सेलर निवडल्याखेरीज जुन्याला काढता येत नाही. १९७२ साली ब्रांट यांच्याविरुद्धचा असा प्रयत्न फसला. १९८२ साली श्मिट जाऊन कोल आले. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, पर्यायी सरकार उभे राहिले नाही आणि लोकसभा विसर्जित झाली. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात जर्मनीसारख्या तरतुदीची शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. तिच्यावर एक आक्षेप मात्र खरा आहे. अशा तरतुदीने मंत्रिमंडळ टिकेल, पण सभागृहाने अंदाजपत्रकच नाकारले तर ते खर्च कशातून करणार? नागपूरच्या कौन्सिलने १९२४ साली शस्त्र उचलले होते ते हेच, आणि त्याला ६७ व्या कलमात उत्तर नाही.