शेजारचे मूल आणि आपले मौन

सावेडीतील कोणत्याही नव्या इमारतीचा एक मजला घ्या. समोरासमोर तीन दारे. पहिल्या घरात आजी-आजोबा आहेत. नातवाला दोन मिनिटे कोणी नजरेआड होऊ देत नाही. दुसऱ्या घरात आई-वडील दोघेही नोकरीला. नऊ वर्षांची मुलगी शाळेतून येते, दप्तरातील किल्लीने कुलूप उघडते आणि सहा वाजेपर्यंत एकटीच असते. तिसऱ्या घरात वडील दुकानात बसून मोबाईलवर घरातील कॅमेऱ्यातून मुलांचा अभ्यास पाहतात. पहिल्या घराच्या मते दुसरे घर निष्काळजी, दुसऱ्याच्या मते पहिले घर मुलाला पांगळे करणारे, आणि तिसऱ्या घराबद्दल दोघांचेही एकमत, की हा तुरुंग आहे! मात्र लिफ्टमध्ये भेट झाली की तिघेही केवळ हवापाण्याच्या गप्पा मारतात.

कापडबाजार, दाळमंडई, आडतेबाजार या भागांत खाली पेढी आणि वर घर अशी रचना होती, तेव्हा हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटत असे. मूल चौकात खेळत असले की समोरचा दुकानदार, पलीकडच्या माडीवरील काकी, पेढीवरील मुनीमजी, साऱ्यांचेच त्याच्याकडे लक्ष असे. चूक दिसली तर कोणीही रागवावे. त्याचा राग आई-वडिलांना येत नसे. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे मात्र कारण नाही. त्याच वाड्यांत मुलांना बेदम मार बसे आणि तो 'त्यांच्या घरचा प्रश्न' ठरे. मुलाने एखाद्या मोठ्या माणसाविषयी तक्रार केली, तर घराण्याच्या नावासाठी तिलाच गप्प केले जाई. सदनिकांची दारे बंद झाली, तसा शेजाऱ्याचा रागावण्याचा अधिकार गेला. गप्प बसण्याची सवय मात्र तशीच राहिली.

दुसऱ्याच्या पालकत्वावर मत देण्यापूर्वी त्याची परिस्थिती पाहावी. आपल्याच जिल्ह्यात अकोले, संगमनेर भागातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. तेथील आई दिवेलागणीनंतर मुलाला अंगणात जाऊ देत नाही, तर तिला अतिकाळजी करणारी कसे म्हणावे? पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडणी कुटुंबे हंगामात कारखान्यांकडे जातात, तेव्हा मुलांना गावी आजीजवळ ठेवावे की फडावर सोबत न्यावे, असा पेच त्यांच्यापुढे असतो. दोन्ही मार्गांत धोका आहे. त्याला बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे होईल.

देशोदेशींच्या रीतीही अशाच भिन्न आहेत. जपानमध्ये प्राथमिक शाळेतील मुले घोळक्याने पायी शाळेत जातात आणि वाटेत वस्तीतील ज्येष्ठ मंडळी त्यांच्यासाठी उभी राहतात. अमेरिकेतील युटा राज्याला २०१८ साली कायदा करून सांगावे लागले, की समंजस मुलाला एकटे शाळेत किंवा मैदानावर जाऊ देणे म्हणजे हेळसांड नव्हे. याच्या उलट २०११ साली नॉर्वेत एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुले सरकारी यंत्रणेने ताब्यात घेतली. मुलांना हाताने भरवणे, आपल्या अंथरुणात झोपवणे यांवरही आक्षेप घेतला गेला, असे पालकांचे म्हणणे होते. २०१२ मध्ये मुले काकांच्या स्वाधीन होऊन भारतात परतली. परक्या डोळ्यांनी पाहिले तर आपले वात्सल्यही अपराध वाटू शकते. तोच परका डोळा आपण शेजाऱ्याकडे लावत नाही ना, हे ज्याने त्याने तपासावे.

मग शेजाऱ्याने बोलावे तरी कधी? बँकेत कागद आला की आधी तो कोणत्या खात्याचा, हे पाहिले जाते. येथेही तीन खाती करावीत.

पहिले खाते रीतिरिवाजाचे. जेवणाची वेळ, मोबाईल किती वेळ, शिकवणी किती, हे ज्याच्या त्याच्या घरचे. आपल्याकडील मूल सूर्यास्तानंतर जेवत नसेल किंवा कंदमुळे खात नसेल, तर वाढदिवसाला पाठवताना यजमानांना आपण आधी सांगावे. आणि शेजारचे मूल आपल्या घरी आले तर त्याच्या ताटातील चालीरीतींवर शेरा मारू नये. येथे मौन हेच शहाणपण.

दुसरे खाते काळजीचे. मूल गच्चीच्या कठड्यावर चढते, भरदुपारी रस्त्यावर एकटे भटकते, गेले काही दिवस गप्प गप्प असते. येथे बोलावे, पण सोसायटीच्या ग्रुपवर नव्हे, आई किंवा वडिलांना एकांतात गाठून. पाहिले तेवढेच सांगावे, निवाडा देऊ नये. "तुमचे लक्ष नसते" असे ऐकले की दार बंद होते. "काल चार वाजता तो कठड्यावर होता, म्हणून सांगायला आलो" असे म्हटले, तर बहुधा चहा मिळतो.

तिसरे खाते कायद्याचे. येथे मौनाला मुभा नाही. व्यापारी कुटुंबांत पंधरा वर्षांच्या मुलाला स्कूटर देऊन वसुलीला किंवा माल पोचवायला धाडणे कौतुकाचे मानले जाते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती, असा आरोप आहे. त्याच्या वडिलांनाही अटक झाली. त्यानंतर घरोघरी हळहळ व्यक्त झाली, पण किती घरांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली?

याहून गंभीर बाब लैंगिक अत्याचाराची. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'नाते तुटेल, उधारी अडकेल, मुलीच्या लग्नात अडचण येईल' ही आपल्या समाजातील नेहमीची कारणे. कायद्यापुढे ती टिकत नाहीत, आणि त्या मुलापुढे तर मुळीच नाहीत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आपल्याच शहरात स्नेहालय ही संस्था १९८९ पासून ज्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते अशा मुलांसाठी काम करते आहे. अनोळखी मुलांसाठी एवढे होऊ शकते, तर समोरच्या दारातील मुलासाठी एक दूरध्वनी जड का वाटावा?

राहिला प्रश्न स्वातंत्र्य किती द्यावे याचा. जुन्या दस्तऐवजांत मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी नोंद करून पालकाचे नाव लिहीत. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवण्याची वाट मोकळी केली, मात्र दोन अटींवर: रकमेची मर्यादा बँकेने ठरवावी आणि खाते कधी उणे होऊ नये. घरातही हेच सूत्र चालावे. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग मैदानापर्यंत, मग एकट्याने एस.टी.चा प्रवास, व्यवहार नीट जमला की मर्यादा वाढवावी. कॅमेऱ्याने मर्यादा पाळली जाते, पण विश्वासाची शिल्लक वाढत नाही.

वाचकांना एकच विनंती. सोसायटीच्या पुढील बैठकीत पार्किंग आणि पाण्याबरोबर हाही विषय घ्यावा: दुपारी चार ते सात या वेळेत कोणत्या घरात मोठे माणूस असते आणि कोणते मूल एकटे असते? एका कागदावर नावे व क्रमांक लिहून प्रत्येक घरात द्यावा. खर्च शून्य. किल्ली घेऊन येणाऱ्या त्या मुलीला समोरचे कोणते दार वाजवायचे, एवढे त्या दिवसापासून ठाऊक असेल.