पाटीवर नसलेली नावे

कोपरगावातल्या महाविद्यालयांच्या पाट्या वाचल्या तरी या परिसराचा बराचसा इतिहास हाती लागतो. रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयाला सद्गुरू गंगागीर महाराजांचे नाव आहे. दुसऱ्या मोठ्या महाविद्यालयाला साकरवाडीच्या साखर कारखान्यामुळे इथे घरोघरी माहीत झालेल्या के. जे. सोमैयांचे. एक संत, एक उद्योजक. वर्गात उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले त्यांची नावे शोधायची तर मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या दालनातला लाकडी फलक पाहावा लागतो. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन रकान्यांत एकेक कारकीर्द मावलेली असते. पाच सप्टेंबरला शाल-श्रीफळ होते, निवृत्तीच्या दिवशी भाषणे होतात, चहापान होते आणि मग शाळा पुढे जाते. गावोगाव हेच आहे. पुढची पिढी त्याच गावात राहते, म्हणून निदान चार माणसे तरी म्हणतात की आम्हाला अमुक गुरुजी होते. पण ज्या समाजाने शाळा उभारली तो समाजच बहुतांशी दूर देशी निघून गेला, तर त्या शाळेतल्या शिक्षकांचा मान कोणी आणि कसा राखायचा? मुंबईतल्या ज्यू शाळांचा इतिहास पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

या शाळांतला मराठी वाचकाला सर्वांत जवळचा समाज म्हणजे बेने इस्रायल. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक. घरात मराठी, आडनावे गावांवरून. हिब्रू ते जवळजवळ विसरले होते. खतना, शनिवारचा विसावा, काही उपवास आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना एवढे उरले होते. त्यांच्या परंपरेप्रमाणे डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू इथे आला, त्याने या लोकांना ओळखले आणि तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवून गुरू नेमले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर ही ती घराणी. रहाबीचा काळ कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र त्याने नेमलेल्यांना लोक ‘काजी’ म्हणत. ते गावोगाव फिरत, लग्ने लावत, तंटे मिटवत, आणि कार्यात त्यांना मानाची जागा असे. या समाजात शिकवणाऱ्याचा मान शाळेहून जुना आहे, तो असा.

शाळा आली ती मात्र मिशनऱ्यांबरोबर. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांना बेने इस्रायलांविषयी विशेष ओढ होती, कारण बायबलमधले लोक त्यांना कोकणात तेल गाळताना भेटले होते! डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. म्हणजे ज्यू मुले आपल्या पूर्वजांची भाषा ख्रिस्ती पाद्रयाकडून, मराठीच्या आधाराने शिकली. धर्मांतर फार थोड्यांनी केले, विद्या मात्र पुष्कळांनी घेतली. या विद्येतूनच समाजाचे स्वतःचे शिक्षक तयार झाले.

त्यांतले पहिले मोठे नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५). आडनाव वर सांगितलेल्या तीन घराण्यांपैकीच एक. १८५६ मध्ये ते मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक शिक्षक झाले, १८६१ मध्ये मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चाळीस वर्षे त्या जागी राहिले. यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. शाळा बगदादहून आलेल्या धनाढ्य ससून घराण्याची. बगदादी ज्यू घरात अरबी बोलत आणि बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचे मानायला नाखूश असत. सिनेगॉगमधल्या मानपानावरून पुढे बरीच कटुता झाली. त्या काळात बगदादींच्या शाळेचा कारभार चार दशके एका मराठीभाषक बेने इस्रायलाच्या हाती होता. बरोबरी नाकारणाऱ्यांनीही मुले मात्र त्याच्याकडे सोपवली.

मुंबई विद्यापीठात हिब्रू हा परीक्षेचा विषय होता आणि राजपूरकर त्याचे परीक्षक होते. पण त्यांचे टिकलेले काम शाळेबाहेरचे आहे. त्यांनी ज्यू प्रार्थनांची आणि विधींची वीसच्या आसपास पुस्तके मराठीत आणली. त्यामुळे प्रार्थना हिब्रूत म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत, हे कळू लागले. बायकांना आणि मुलांना तर विशेषच, कारण हिब्रूचे शिक्षण त्यांच्यापर्यंत उशिरा पोचले. मला हा शिक्षकी पेशाचाच विस्तार वाटतो. वर्गात न बसणाऱ्यांसाठी घेतलेला तो वर्ग होता.

बेने इस्रायलांची स्वतःची शाळा १८७५ मध्ये सुरू झाली. ती काढणारे हैम सॅम्युएल किहीमकर, अलिबागजवळच्या किहीमचे, पेशाने सरकारी नोकर. वेगळी शाळा कशाला, असे तेव्हाही कोणी विचारले असेल. उत्तर साधे आहे. शब्बाथला म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे लिहिणे वर्ज्य. शनिवारी वर्ग भरवणाऱ्या शाळेत ज्यू मुलाने एक तर धर्म मोडायचा किंवा धडा बुडवायचा. इस्रायलाइट स्कूलने मुलांपुढची ही निवडच काढून टाकली, आणि मराठी-इंग्रजीबरोबर हिब्रू शिकवली. किहीमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला. १८९७ मध्ये पूर्ण झालेले ते हस्तलिखित त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापले गेले. आज या समाजावर लिहिणारा प्रत्येक जण त्याच पुस्तकापासून सुरुवात करतो.

आता रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांच्याकडे वळतो. या लेखाचे खरे कारण त्याच आहेत.

न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक आणि डॉ. भांडारकर यांच्या खटपटीतून १८८४ मध्ये पुण्यात मुलींची हायस्कूल निघाली, तीच हुजूरपागा. रिबेका तिथल्या विद्यार्थिनी. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या. मुलींत नव्हे, सगळ्यांत. मुलीने मॅट्रिकला बसणे हीच जेव्हा चर्चेची गोष्ट होती, तेव्हाचा हा निकाल आहे. पुढे पदवी घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि केंब्रिजला इस्रायल अब्राहम्स या विद्वानांकडे अभ्यास केला. अशा बाईंना त्या काळी कुठेही मानाची जागा मिळाली असती. त्या परत आल्या, १९१७ पासून काही वर्षे समाजाच्या वार्षिकाचे संपादन केले, आणि १९२२ मध्ये इस्रायलाइट स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९५० पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, त्या तिथेच होत्या.

अठ्ठावीस वर्षे म्हणजे काय, याचा हिशेब शिक्षकालाच नीट कळतो. पहिल्या वर्षी पहिलीत आलेली मुलगी शेवटच्या वर्षापर्यंत स्वतःची मुले घेऊन शाळेत आलेली असते. मधल्या काळात बाईंनी मुलांसाठी ‘अशोक रीडर्स’ ही इंग्रजीची क्रमिक पुस्तके लिहिली आणि ती इतर शाळांतही पोचली. मुख्याध्यापकाने प्राथमिक इयत्तांची पुस्तके लिहिणे आजही दुर्मीळ आहे. केंब्रिजला हिब्रू विद्येचा अभ्यास केलेल्या बाईंना लहान मुलांना इंग्रजीचे पहिले वाक्य कसे द्यावे, यावर डोके शिणवावेसे वाटले. त्यांच्या पदव्यांपेक्षा मला याचे मोल अधिक वाटते.

त्यांच्याच कारकिर्दीत शाळेचे नाव बदलले. बगदादमध्ये जन्मलेले आणि हाँगकाँग-शांघायमध्ये उद्योग उभारलेले सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि माझगावची शाळा ‘सर एली कदूरी स्कूल’ झाली. दात्याचे ऋण मानलेच पाहिजे. इमारत शुभेच्छांवर उभी राहत नाही. कदूरींनी अनेक देशांत शाळांना पैसा दिला आणि तो वाया गेला नाही. तरीही भायखळ्याला ससून, माझगावला कदूरी अशा पाट्या वाचताना जाणवते ते हे की, किहीमकरांनी काढलेल्या आणि रूबेनबाईंनी घडवलेल्या शाळेच्या दारावर या दोघांपैकी कोणीच नाही. देणगी एका दिवशी दिली जाते, तिची तारीख असते, तिचा दगड बसवता येतो. शिकवणे रोज थोडेथोडे होते, त्याचा दगड कुठल्या दिवशी बसवणार?

बाई निवृत्त झाल्या ते १९५० साल. इस्रायल १९४८ मध्ये स्थापन झाला होता आणि घरे रिकामी होऊ लागली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल साधारण वीस हजार होते. आज भारतातल्या सगळ्या ज्यूंची मिळून संख्या चार-पाच हजारांच्या आसपास सांगतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, पण तोवर वर्गांतला समाज पांगला होता. माझगावच्या शाळेत आज ज्यू मुले अगदी मोजकी. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या जेकब ससून शाळेत बहुतेक मुले मुस्लिम आहेत. पश्चिम आशियातल्या बातम्यांवर पोसलेल्या माणसाला हे विलक्षण वाटेल. त्या भागात राहणाऱ्या आईबापांना त्यात नवल वाटत नाही. जवळची, जुनी, चांगली शाळा, एवढेच ते पाहतात.

ज्यू परंपरेत शिक्षकाच्या मानाबद्दल एक नियम आहे. मिश्ना या प्राचीन संहितेत हरवलेल्या वस्तूंचा विचार चालला असताना तो येतो. बापाची आणि गुरूची वस्तू हरवली असेल, तर आधी गुरूची शोधावी. कारण बापाने या जगात आणले, गुरूने पुढच्या जगाची वाट दाखवली. बाप स्वतः विद्वान असेल तर मात्र बापाची आधी. आपल्याकडे गुरूला देव म्हणण्याची रीत आहे. तिथे त्याच्या मानाचा विचार हरवलेल्या पिशवीपर्यंत खाली आणला आहे, आणि मला ते अधिक खरे वाटते. ‘तोरा’ म्हणजे धर्मग्रंथ आणि ‘मोरे’ म्हणजे शिक्षक हे दोन्ही हिब्रू शब्दही एकाच धातूतून आलेले.

अभ्यास संपल्यावर म्हणायची कद्दिशची एक प्रार्थना आहे. तीत गुरूंसाठी, त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांसाठी शांती मागतात. शाळा कोणाची, दाता कोण, हे तीत येत नाही. पण ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढ ज्यू पुरुष हजर असावे लागतात. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या दहांत स्त्री मोजत नाहीत, म्हणजे शाळा अठ्ठावीस वर्षे चालवूनही रूबेनबाई त्यात मोजल्या गेल्या नसत्या. हुजूरपागेतच शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यू पंथाची मंडळी उभी केली, त्या पंथाने हा भेद मोडायला घेतला. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगमध्ये आता प्रश्न वेगळाच आहे. तिथे स्थानिकांतून दहा माणसे जमणे कठीण झाले आहे, आणि सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हा कुठे संख्या भरते.