हवा सोडा, गाडी काढा

भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, पाइन बॅरन्सच्या जंगलात शिरण्याआधी मित्राने चारही टायरांची हवा सोडली. ३५ची थेट १८वर आणली. डोकं फिरलंय का त्याचं?"

मित्र जाणकार दिसतो. ते जंगल वाळूवर उभं आहे. १७६६ साली तिथे बात्स्टोला लोखंडाची भट्टी पेटली, दलदलीत साठणाऱ्या खनिजावर. पुढे स्वातंत्र्ययुद्धात तिने तोफगोळे ओतले. तिथल्या कित्येक वाटा जुन्या घोडागाड्यांच्याच.

टायरमध्ये जेवढा हवेचा दाब, ढोबळमानाने तेवढाच तो जमिनीवर देतो. गाडी १६०० किलोची धरली तर एका चाकावर ४०० किलो. ३५ला ते चाक सुमारे १६० चौरस सेंटिमीटरवर टेकतं, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोड्या जास्त जागेवर. १८ला जागा जवळपास दुप्पट होते, आणि ठसा रुंदीपेक्षा लांबीला वाढतो. उंटाचा तळवा वाळूत असाच पसरतो.

हे उंटांच्याच मुलखात मनावर घेतलं राल्फ बॅग्नॉल्डने. इजिप्तमधला हा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर १९२०च्या दशकात सुट्टी मिळाली की फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटात घुसायचा. टायर मऊ ठेवायचा, रुतलेल्या चाकाखाली पत्र्याच्या पन्हळी सारायचा. नंतर इंग्लंडात त्याने वाऱ्याचा बोगदा बांधून वाळूचे कण कसे उडतात ते मोजलं. १९४१चं त्याचं पुस्तक आजही मंगळावरच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे उघडतात. फोर बाय फोरच्या जाहिरातींत मात्र त्याचं नावही नसतं. तिथे सगळी करामत महागड्या गिअरबॉक्सची!

हे मला आधी ठाऊक असतं तर कोकणच्या किनाऱ्यावर ट्रॅक्टर बोलवावा लागला नसता. चाक रुतलं तसा मी रेस देत गेलो. फिरणारं चाक खालची वाळू मागे फेकतं आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. दहा पावलांवरची ओली वाळू टणक होती. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं, मुलांचे किल्ले त्यावरच उभे राहतात.

भाच्याला म्हटलं, डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भर, नाहीतर टायर तापून फाटेल. आणि वाटेकडेच्या डबक्यांत गाडी घालू नकोस. ती उन्हाळ्यात आटतात, म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणूनच बेडूक तिथे अंडी घालतात. तिथला हिरवा, जांभळट पट्ट्याचा झाडबेडूक तर देखणा आहे.

पलीकडे क्षणभर शांतता.

"मामा, व्हिडिओ तर आम्ही डबक्यातच काढला."