कुलकथा आणि दप्तर

महाराष्ट्राबाहेर पाचसहा पिढ्या नांदत असलेल्या मराठी घराण्यांत मूळ पुरुषाविषयी काही कथा नाही, असे घर विरळाच. ‘आमचे पूर्वज पानिपतावर पडले, त्यांचे चिरंजीव सरदारांबरोबर इकडे आले व त्यांस सरकारातून इनाम मिळाले,’ अशा आशयाची कथा बडोद्यास, ग्वाल्हेरीस आणि इंदुरास थोड्याफार फरकाने ऐकावयास मिळते. ती ऐकून हसण्याचे कारण नाही. दमाजी गायकवाड, महादजी शिंदे व मल्हारराव होळकर हे तिघेही १७६१ च्या मोहिमेत होते आणि त्यांच्या पथकांतील कित्येकांस तेथे मृत्यू आला, ही गोष्ट इतिहाससिद्ध आहे. प्रश्न एवढाच की, आपल्या घराण्यातील तो पुरुष त्यांपैकी होता काय? याचे उत्तर शोधावयाचे तर कोणत्या वाटेने जावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. राजे लोक आपली वंशावळ दगडावर कोरवू शकतात. तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. सामान्य माणसाची नोंद मात्र त्याची स्मृती राहावी म्हणून कोणी केलेली नसते. त्यास कोणी पैसा दिला, त्याने कोणास दिला, किंवा त्याच्या पश्चात तो कोणास द्यावयाचा, हे ठरविण्याकरिता ती झालेली असते. म्हणून शोध करणाराने ‘माझा पूर्वज कोण होता?’ असे दप्तरास न विचारता ‘त्याचे वेतन कोणत्या खात्यातून निघत होते व त्याच्यामागे ते कोणाच्या नावे चालले?’ असे विचारावे.

शोधाचा आरंभ मात्र घरातूनच व्हावयास पाहिजे, आणि तोही ज्ञात पिढीपासून अज्ञात पिढीकडे, एकेक पायरी मागे जात. मूळ पुरुषापासून खाली येऊ पाहणाराची बहुधा भलत्याच घराण्याशी गाठ पडते. घरातील जन्मपत्रिकांत शक, संवत्सर, तिथी आणि नक्षत्र असते. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचीही नावे उच्चारली जातात. श्राद्धाची तिथी घराण्यास ठाऊक असते, वर्ष मात्र ठाऊक नसते. ते अन्य कागदांवरून बसवावे लागते. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला देण्याघेण्याचा हिशेबही अशा वेळी उपयोगी पडतो.

नावांच्या बाबतीत दोन अडचणी हमखास येतात. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या चालीमुळे ‘बापूजी त्र्यंबक’ आणि ‘त्र्यंबक बापूजी’ ही नावे पिढीआड पुनःपुन्हा येतात. साल पाहिल्यावाचून आजोबा कोणते व नातू कोणता हे कळत नाही. दुसरी अडचण आडनावाची. जुन्या कागदांत पुष्कळदा स्वतःचे व वडिलांचे एवढेच नाव असते, आणि आडनाव असले तरी ते हुद्द्यावरून पडलेले असते. नाना फडणीस यांचे मूळ आडनाव भानू, आणि पेशव्यांचे भट. फडणीस, चिटणीस, पोतनीस किंवा मुजुमदार आडनावाच्या कुटुंबाने केवळ त्याच आडनावाचा शोध केल्यास अर्धे कागद दृष्टीआड राहतील.

घरातले कागद संपले की तीर्थक्षेत्राकडे वळावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, वडील, आजे, बंधू, पुत्र व मूळ गाव यांची नोंद असते, आणि पुष्कळदा खाली यात्रेकरूची स्वहस्ताक्षरे असतात. घर सोडून दूरदेशी गेलेला माणूस यात्रेस गेला म्हणजे उपाध्यायास मूळ गाव सांगे. म्हणून बडोद्याच्या शाखेचा कोकणातील वा देशावरील धागा या वह्यांत सापडण्याचा संभव असतो.

यानंतर सरकारी दप्तर. पुण्यातील पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतून निवडून काढलेले कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. पण ती निवड राजकारणाच्या दृष्टीने केलेली आहे. आपला शिपाई वा कारकून छापील भागांत बहुधा भेटत नाही. तो भेटला तर रोजकीर्दीत, नेमणुकीच्या यादीत किंवा वर्षासनाच्या खर्चात भेटतो.

आता पानिपताच्या कथेची परीक्षा कशी होते ते पाहू. लढाईत कामास आलेल्या माणसाच्या मुलाबाळांस ‘बालपरवेशी’ म्हणून जमीन वा नेमणूक देण्याची पद्धत होती. तेव्हा १७६१ नंतरच्या काही वर्षांत मुलाच्या किंवा विधवेच्या नावे अशी नोंद सापडली, तर कथेस भक्कम आधार मिळाला. उलट तोच पुरुष १७६५ साली स्वतः वेतन घेत असल्याचे दिसले, तर तो पानिपतावर पडला नाही हे उघड झाले. कदाचित जाऊन परत आला असेल. तिसरा प्रकार म्हणजे काहीच न सापडणे. त्यावरून मात्र कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. पथकाचा पैसा सरदाराच्या हाती जाई आणि पथकातील माणसांची नावे सरदाराच्या खासगी कागदांत राहत. ते कागद वाळवीने खाल्ले असतील, तर नोंद गेली. माणूस नव्हताच असे ठरत नाही.

साल नीट न काढल्यास ही सारी परीक्षा फुकट जाते. पेशवाईतील कागदांवर सुहूर सन अरबी अंकनामांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. हे साल मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभी, सुरू होते. म्हणून जून ते डिसेंबरपर्यंतच्या तारखेस ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावेत. पानिपतचा संग्राम जानेवारीतला. ११६१ मध्ये ६०० मिळविले की १७६१ येते. दक्षिणेतील फसली सनात याच रीतीने ५९० वा ५९१, आणि शकात ७८ वा ७९ मिळवावे लागतात. तारखेपूर्वीचा ‘छ’ हा चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्यातील दिवसाचा निदर्शक होय.

पेशवाईनंतरच्या काळासाठी इनाम कमिशनचे कागद महत्त्वाचे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानुसार इंग्रजी मुलखातील इनामदारांस आपला हक्क शाबीत करावा लागला. त्यासाठी दिलेल्या कैफियतींत इनाम कोणास, केव्हा मिळाले व वारस कोण, हे सांगितलेले असते. परमुलखी गेलेल्या भाऊबंदांचा उल्लेखही त्यांत सापडू शकतो. संस्थानांच्या हद्दीत भाषेचे प्रकरण निराळे. बडोद्यास जुने कागद मोडीत, तर पुढील कारभार गुजरातीत व इंग्रजीत. हैदराबादेस आधी फारसी, मग उर्दू. विसाव्या शतकाकरिता शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, नोकरीची नोंद आणि मूळ गावचे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक पाहावे.

या सर्व कागदांत स्त्रिया फार थोड्या दिसतात, आणि दिसतात त्या ‘अमक्याची मातोश्री’ वा ‘अमक्याची स्त्री’ म्हणून. विवाहानंतर नाव बदलत असल्याने माहेर व सासर यांचा सांधा जुळविणे कठीण जाते. परंतु पती निवर्तल्यावर वर्षासनासाठी केलेला अर्ज, दत्तकपत्र आणि वाटणीपत्र यांत त्यांचे बोलणे प्रत्यक्ष उमटते. घराण्याच्या कथेत जिचे नाव नाही, अशा एखाद्या विधवेने खटपट करून मुलाचे वेतन चालू ठेवले, हे अशाच कागदावरून कळते. आणि पुष्कळ घराणी टिकली ती अशा खटपटीमुळे.

हाती आलेली माहिती लिहिताना ऐकलेले, कागदात पाहिलेले आणि अनुमानाने ठरविलेले, हे तीन प्रकार निरनिराळे ठेवावेत. कागद कोठे पाहिला तेही टिपावे. शोधाअंती वीर पुरुषाऐवजी दरमहा थोडक्या रुपयांवर खर्डे लिहिणारा कारकून सापडला, तर त्याचेही स्वागत करावे. परमुलखात मराठी घर उभे राहिले ते अशांच्याही श्रमांवर.

वेळ मात्र थोडा आहे. मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यातील जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ही उणीव सर्वांस जाणवली. सरकारी दप्तरास निदान छप्पर व राखणदार असतो. घरातील पेटीस तोही नसतो. घर विकताना, वाटणी करताना वा पोटमाळा साफ करताना तीतील कागद रद्दीत जातात. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी कागद न वाचता टाकू नयेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि घरातील एका तरुणास तरी मोडी शिकण्यास बसवावे.