नवा उद्योग आणि पहिले गिऱ्हाईक

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला आणि चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याचे खनिज, नंदिनीची चुनखडी आणि देशभरच्या रेल्वेमार्गांना पुरविलेले रूळ यांवर एक अख्खे शहर उभे राहिले. कारखान्याच्या स्वतःच्या वसाहतीतील भागांना ‘सेक्टर’ म्हणतात. तिच्या बाहेर, दुर्गकडे जाताना, ग्रेट ईस्टर्न रोडच्या दोन्ही अंगांना नेहरू नगर पसरले आहे. नोकरीत साठविलेल्या पैशातून बांधलेली घरे येथे आहेत, आणि त्यांत नागपूर-विदर्भाकडून आलेली मराठी कुटुंबेही आहेत.

अशा घरात एक प्रसंग आता वारंवार घडू लागला आहे. आजोबांनी भट्टीवर उमेदवारी केली, वडिलांनी तेथेच चाकरी केली, आणि नातू म्हणतो, “मला नोकरी करावयाची नाही, मी स्वतःचा उद्योग काढणार.” अशा उद्योगाला आज स्टार्टअप हे नाव आहे. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली, त्याच वर्षी भिलाईला आय.आय.टी. निघाली, आणि हा शब्द घरोघर पोहोचला. शब्द पोहोचला, तशी चिंताही पोहोचली. ज्या शहरात महिन्याच्या महिन्याला पगार हाती पडण्याची दोन पिढ्यांची सवय आहे, तेथे न विकल्या गेलेल्या मालाकडे पाहत दिवस काढावयाचे कसे, हे सांगणारा घरात कोणी नसतो.

मराठी माणसाला मात्र हे सांगणारे एक घर ठाऊक आहे, आणि योगायोग असा की त्या घराचा धंदाही लोखंडाचाच होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगावजवळच्या गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे त्यांना आढळून आले. तेव्हा रंगांचा नाद सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत नोकरी चालू असतानाच वडील बंधू रामुअण्णा यांच्या मदतीने बेळगावात सायकली विकण्याचा धंदा त्यांनी आरंभिला. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी १८८८ सालची. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा बेळगावचे दुकान उभे होते. नोकरीवर एकदम पाणी सोडण्यातच शौर्य आहे, असे मानणाऱ्या तरुणांनी हा क्रम ध्यानी घ्यावा. घरच्या वडीलधाऱ्यांनीही घ्यावा, कारण त्यांची अर्धी भीती एवढ्यानेच कमी होईल.

सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर. या नांगराची हकीकत सर्वांत बोधप्रद आहे. लाकडी नांगर जमीन फाडीत जातो. लोखंडी नांगराला जे वळणदार पाते असते, ते मातीचा थर उचलून उलथा करते, तणाची मुळे वर येतात आणि खालची माती उन्हात तापते. यंत्र म्हणून त्याची उपयुक्तता निर्विवाद होती. विलायती लोखंडी नांगर कसा असतो, हे लक्ष्मणरावांनी बारकाईने पाहिले होते. तरीही त्यांचा पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली. शेतकऱ्यांची समजूत अशी होती की लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते.

या समजुतीला आपण आज हसतो, पण ते हसणे फारसे न्याय्य नाही. शेतकऱ्याजवळ जमीन एकच असते. नांगर खोटा निघाला तर कारखानदाराचे काही रुपये जातात. शेतकऱ्याचे वर्ष जाते. नवी वस्तू घेणारा आणि नवी वस्तू करणारा यांच्या धोक्यांची तुलना केली, तर पुष्कळदा घेणाऱ्याचाच धोका मोठा भरतो. नव्या उद्योजकाला नेमके हेच दिसत नाही. आपली वस्तू चांगली आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि म्हणून न घेणारा माणूस त्याला अडाणी वाटू लागतो. आजचा तरुण जेव्हा एखाद्या दुकानदाराला हिशेबाची नवी संगणकीय व्यवस्था विकावयास जातो आणि दुकानदार आपल्या लाल वहीला चिकटून राहतो, तेव्हा तेथेही तोच नांगर आणि तीच जमीन असते. वही हरवली तर उधारी बुडेल, हे भय दुकानदाराच्या दृष्टीने खरे आहे. ते भय काय आहे हे आधी विचारावे, समजून घ्यावे, आणि मग वस्तूचे गुण सांगावे.

त्या दोन वर्षांत कारखाना कशावर चालला, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर साधे आहे. नांगर हा किर्लोस्करांचा एकमेव माल नव्हता. सावकाश रुजणारी वस्तू धरून ठेवावयाची असेल, तर रोजचा खर्च भागविणारी दुसरी एखादी वस्तू हाताशी लागते. आजकाल पुष्कळ नवे उद्योग हा खर्च गुंतवणूकदाराच्या पैशातून भागवितात. त्यात गैर काही नाही. मात्र परक्या पैशाला स्वतःचे घड्याळ असते. दोन वर्षे थांबण्याची शेतकऱ्याला मुभा होती. तेवढी ती गुंतवणूकदार देईलच, असे नाही.

पुढे बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी हवी झाली, आणि बसलेली घडी मोडली. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्याला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाचे आणि सापांचे माळरान. तेथे मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. नुसता कारखाना बांधून भागण्यासारखे नव्हते. पाणी, घरे, सारे नव्याने उभारणे प्राप्त होते. वस्तीची ही सगळी व्यवस्था रामुअण्णांनी अंगावर घेतली. दोन भावांतली ही वाटणी त्या उद्योगाचे मोठे बळ ठरली. एकाने यंत्र पाहिले, दुसऱ्याने माणसे आणि मुक्काम पाहिला. दोघेही यंत्रच पाहत बसले असते, तर निवडुंग हटला नसता.

माणसे निवडण्यातही लक्ष्मणरावांची नजर निराळी होती. शाळेतून गळालेल्या मुलाच्या हातातील कसब त्यांनी ओळखले, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. पदव्यांच्या याद्या पाहून माणसे घेण्याची पद्धत मोठ्या कारखान्याला परवडते. माळरानावर येण्यास जो तयार आहे, त्याच्यातूनच निवड करणे नव्या उद्योगाला भाग असते.

पहिल्या महायुद्धात विलायती माल येईनासा झाला, देशी नांगराला मागणी आली, आणि नेमके त्याच वेळी कच्चे लोखंड दुर्मिळ झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा या कामी दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. कवीला सुचावी अशी ही कल्पना खरी, पण तिची मुळे व्यवहारात आहेत. मागणी असूनही माल नाही, ही अडचण माल असूनही मागणी नाही या अडचणीइतकीच जीवघेणी असते, आणि ती बहुधा अनपेक्षितपणे येते.

१९२० साली या धंद्याची मर्यादित कंपनी झाली. म्हणजे बेळगावच्या पाटीपासून तेथवर बत्तीस वर्षे गेली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे पत्र निघाले. कारखान्याचा माल आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यातील दुवा म्हणून निघालेल्या या पत्राचे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली, आणि नांगर कधी हाती न धरलेल्या घरांतही ते नाव वाचले जाऊ लागले. गिऱ्हाइकाशी बोलण्याचा प्रपंच विक्री झाल्यावर संपतो, असे त्या घराने मानले नाही.

आता पुन्हा भिलाईकडे. येथील नव्या उद्योजकाची अडचण किर्लोस्करांच्या अडचणीच्या नेमकी उलट आहे. नांगराला पहिले गिऱ्हाईक मिळेना. येथे पहिले गिऱ्हाईक दाराशीच उभे आहे. सुटे भाग असोत, दुरुस्ती असो की संगणकाची कामे असोत, पोलाद कारखाना आणि त्याभोवतीचे मोठे कंत्राटदार यांच्याकडून एखादे काम मिळाले की तरुणाला वाटते, जिंकले. पण गिऱ्हाईक एकच असले, तर दर त्याचा, मुदत त्याची, आणि बिल केव्हा फेडावयाचे ती मर्जीही त्याचीच. मोठ्या घराने खरेदी आवरती घेतली की लहान घराची चूल विझते.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म अथवा लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिनेवार चक्रवाढ पद्धतीने, व्याज लागते. तक्रार ऐकण्यासाठी राज्यात सुविधा परिषदेची सोय आहे. हे सारे कागदावर चोख आहे. परंतु ज्याचे गिऱ्हाईक एकच आहे, तो तक्रारीचा अर्ज हाती घेऊन चार वेळा विचार करतो आणि पाचव्या वेळी तो खणात ठेवून देतो. ज्याची दुर्ग, रायपूर, नागपूर अशी आणखी तीन गिऱ्हाइके आहेत, तो अर्ज देतो. कित्येकदा त्याला तो द्यावाही लागत नाही, कारण समोरच्यालाही ते ठाऊक असते.